अकरा ओरखड्यांची चिठ्ठी

दिनांक २३ नोव्हेंबर २०२३, गुरुवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली येथील चंद्रकुमार कापगते, वय चव्वेचाळीस, यांना क्रिकेट कार्डे जमवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटातून, त्यांचे म्हणणे न मागवता, काढून टाकण्यात आले. कारण म्हणून गटावर एकच ओळ लिहिण्यात आली: ‘मालाच्या अवस्थेचे खोटे वर्णन.’ गटात त्या वेळी चार हजारांहून अधिक सदस्य होते. त्यांपैकी एकशे बारा जणांनी त्या ओळीखाली पसंतीचा अंगठा उमटवला. ते वर्णन कुठे आहे, आम्हाला वाचू द्या, असे एकानेही म्हटले नाही. ही नोंद येथे करून ठेवणे भाग आहे. कारण गटाने पुढे जे निवेदन काढले, त्यात या सगळ्या प्रकाराची बोळवण ‘गैरसमज’ या एका शब्दात केलेली आहे.

आता हा चंद्रकुमार कोण, ते सांगितले पाहिजे.

साकोलीला महामार्गालगत एक राईस मिल आहे. फाटकातून आत शिरले की डाव्या हाताला टिनाचे छप्पर, छपराखाली मेज, मेजावर काळी पाटी आणि पाटीमागे चंद्रकुमार. गेली एकवीस वर्षे हे दृश्य बदललेले नाही. बदलला तो फक्त त्याच्या मिशीचा रंग. धानाची गाडी आली की तो परखी घेऊन उठतो. परखी म्हणजे एका टोकाला अणकुचीदार अशी लोखंडी पन्हळ; ती पोत्यात खुपसली की आतले दाणे घरंगळत तळहातावर येतात. तोंडाशी एकदा, पोटात एकदा, बुडाशी एकदा. तिन्ही ठिकाणचे दाणे मिसळून त्यांतले शंभर तो काळ्या पाटीवर मांडतो आणि बोटाच्या टोकाने वेगळे करतो: डाग पडलेले इतके, पोचट इतके, तुटके इतके. मग चिठ्ठी लिहितो आणि ती शेतकऱ्यासमोर मोठ्याने वाचतो. चिठ्ठीत दोष आधी येतात. गुण शेवटी, आणि तेही एका ओळीत. वाचून झाली की चिठ्ठी दुमडून त्याच पोत्यात टाकायची आणि मग पोत्याचे तोंड शिवायचे. पुढे कुठे भांडण निघाले तर दोन्ही पक्षांना समोर उभे करून पोते उघडायचे, आणि चिठ्ठी तिसऱ्याच माणसाने वाचायची.

हा रिवाज मिलमालकाने घातलेला नाही. तो मारोतराव लंजे यांचा. चंद्रकुमारच्या आधी त्या मेजामागे मारोतराव बसत, आणि आता थकल्यावरही आठवड्यातून एकदा काठी टेकत येऊन शेजारच्या बाकावर बसतात. चंद्रकुमार नवा असताना त्याच्या वडिलांच्या शेतातले धान गावाहून, एकोडीहून, मिलमध्ये आले. त्याने उत्साहाने परखी उचलली, तर मारोतरावांनी ती काढून घेतली आणि त्याला बाहेर चहा प्यायला पाठवले. परत आल्यावर त्याला एवढेच सांगितले की, आपल्या मालाचे दोष जितके सांगता येतील तितके सांगावेत, पण आपल्या मालाला प्रतीचा नंबर कधी आपण देऊ नये. चंद्रकुमारने ही गोष्ट हाडात मुरवून घेतली. एवढे साधे तत्त्व मोठ्या शहरांतल्या, मोठ्या दुकानांतल्या शिकल्यासवरल्या विक्रेत्यांना का उमगू नये, हा प्रश्न येथे विचारून ठेवतो; त्याचे उत्तर कोणी देणार नाही, हेही ठाऊक आहे.

क्रिकेट कार्डांचे वेड त्याला दहाव्या वर्षी लागले. तेव्हा च्युइंगमच्या पाकिटात एकेक कार्ड निघे. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र, मागे धावा आणि बळी. एकोडीच्या दुकानात ते च्युइंगम कधी असे, कधी नसे. वडील धान घेऊन साकोलीला गेले की चंद्रकुमार रस्त्याकडे डोळे लावून बसायचा. घरात धाकटी भावंडे होती आणि कार्डे लपवायला जागा नव्हती. म्हणून त्याने झाडीपट्टीतल्या पोरालाच सुचेल अशी जागा निवडली: धानाची ढोली. बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीने लिंपलेली ती पुरुषभर उंचीची कणगी. त्याने कार्डे तशीच, उघडी, कोपरापर्यंत हात घालून धानात खुपसली. सात वर्षे ती तिथेच राहिली. दरवर्षी ढोली रिकामी होताना कार्डे बाहेर येत, आई ओरडे, आणि नवे धान पडले की कार्डे पुन्हा आत जात.

याचा परिणाम मोठा विलक्षण झाला. पावसाळ्यात जगभराची कार्डे वाकली, फुगली, बुरसली. चंद्रकुमारची मात्र तीस वर्षांनीही पट्टीसारखी सरळ राहिली, कारण त्यांची सगळी ओल धानाने शोषून घेतली होती. पण धानाचे तूस खरखरीत असते. ज्या धानाने ओल पिऊन टाकली, त्याच धानाने कार्डांच्या चकाकीवर केसाहून बारीक ओरखडे ओढून ठेवले. समोरून पाहिले तर काही दिसत नाही. कार्ड तिरपे करून खिडकीच्या उजेडात धरले, की सगळे दिसते.

अशी त्रेसष्ट कार्डे त्याच्याजवळ होती. त्यांत अठरा जोडीची, म्हणजे आधीच असलेल्या क्रमांकांची. संचात सतरा क्रमांकाचे कार्ड तेवढे नव्हते. जोडीची विकावीत आणि सतरावे मिळवावे, एवढ्या हेतूने त्याने दोन वर्षांपूर्वी त्या गटात प्रवेश घेतला. तेथे त्याला एक नवेच जग दिसले. परदेशातल्या कंपन्या कार्ड तपासून त्याला दहापैकी नंबर देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. अशा कार्डांचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो न तपासलेल्या, कच्च्या कार्डांचा. त्यांची अवस्था विकणाऱ्यानेच लिहायची असते. आणि विकणारे काय लिहीत? ‘एकदम मस्त.’ ‘वयाच्या मानाने छान.’ ‘फोटो पाहून घ्या.’ फोटो दिव्याखाली, समोरून, जरा धूसर. मागची बाजू नाहीच. काही महाभाग तर न तपासलेल्या कार्डाला स्वतःच ‘नऊच्या तोडीचे’ असे लिहून मोकळे होत. चंद्रकुमारने ते पहिल्यांदा वाचले तेव्हा तो बायकोला, शुभांगीला, म्हणाला की हे म्हणजे शेतकऱ्याने परखी हिसकावून स्वतःच आपल्या पोत्याची चिठ्ठी लिहिण्यासारखे आहे.

शुभांगी शिवणकाम करते. तिने सल्ला दिला की बाकीचे लिहितात तसे तूही लिही, नाहीतर तुझ्या कार्डाला कोणी कुत्रे विचारणार नाही. त्याने ऐकले नाही. प्रत्येक कार्ड तो सकाळी पूर्वेच्या खिडकीपाशी नेई. आधी चारही कोपरे भिंगातून पाही, मग कडा, मग कार्ड तिरपे करून पृष्ठभाग, मग चित्राभोवतीची पांढरी किनार चारही बाजूंनी सारखी आहे का ते, आणि शेवटी मागची बाजू. प्रत्येक दोषाशेजारी तांदळाचा एक दाणा ठेवून फोटो काढी, म्हणजे पाहणाऱ्याला दोषाचे माप कळे. कार्ड पुसत नसे. पुसल्याने जुना डाग जातो आणि नवा खोटेपणा येतो, असे त्याचे म्हणणे होते. मग वर्णन लिही. दोष आधी.

पाठवण्याची रीतही त्याने मिलमधूनच उचलली. चिकटपट्टीचा गोंद कार्डाला बाधतो, म्हणून शुभांगीच्या साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्याने एक पाकीट बेतले. खालचे दोन पुठ्ठे एकमेकांवर ठेवून, मध्ये वर्णनाची चिठ्ठी घालून, चारही बाजूंनी शिवायचे. चिठ्ठीची शाई कार्डाला लागू नये, म्हणून ती पुठ्ठ्यांच्या पोटात. त्यावर पातळ पिशवीतले कार्ड. कार्डावर तिसरा पुठ्ठा, त्याला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, आणि पुन्हा शिवण. टाका मिलमधल्या पोत्यासारखाच साखळीचा, योग्य टोक ओढले की सरसर उसवणारा. टाके अर्थात शुभांगी घाली, आणि घालताना बोलत राही.

“कार्ड विकून राहिले का पोतं?” ती एकदा म्हणाली.

“पोतंच होय,” तो म्हणाला. “लहान हाय, एवढंच.”

२ ऑक्टोबर रोजी त्याने एका यष्टिरक्षकाचे, एकेचाळीस क्रमांकाचे जोडीचे कार्ड गटावर ठेवले. सहा फोटो, चौदा ओळींचे वर्णन, आणि शेवटी एक वाक्य: ‘हेच वर्णन पाकिटाच्या खालच्या पुठ्ठ्यांत चिठ्ठीरूपाने शिवलेले आहे.’ अर्ध्याच मिनिटात ते कार्ड नागपूरच्या मनिष नावाच्या व्यापाऱ्याने घेतले. चौदा ओळी वाचून समजून घ्यायला अर्धे मिनिट पुरत नाही. पण मनिषला वाचायचे नव्हतेच. विक्री झालेली पोस्ट काढून टाकावी असा गटाचा नियम होता, तो चंद्रकुमारने इमानेइतबारे पाळला. फोटोही फोनमधून पुसले. मिलमध्ये पोते गेले की नमुन्याचे दाणे परत ढिगात टाकतात; तीच सवय. नियम पाळणाऱ्याचेच हात कसे बांधले जातात, याचा हा एक नमुना वाचकांनी ध्यानात ठेवावा.

मनिषने पाकीट उघडलेसुद्धा नाही. खिडकीतून, प्लास्टिकच्या वरूनच, समोरून एक फोटो काढला, ‘नऊच्या तोडीचे, साकोलीच्या मूळ संग्रहातून’ असे लिहिले आणि चौपट किमतीला ते पुढे विकले. खोटे बोलण्याआधी निदान खरे काय आहे ते वाचावे लागते. या गृहस्थाने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

ते कार्ड विकत घेतले कामिनी नावाच्या शिक्षिकेने. पवनी तालुक्यातल्या अड्याळला तिचे सासर. लहानपणी मुलांबरोबर कार्डांची अदलाबदल करणारी, आणि त्यात मुलांना हरवणारी ती एकटी मुलगी होती. तिने वरची शिवण कात्रीने कापली, कार्ड बाहेर काढले, खिडकीशी नेले आणि तिचा चेहरा उतरला. तिने मनिषला फोन केला. मनिषने हात झटकले: मी जसे आले तसे पुढे दिले, वर्णन साकोलीवाल्याचे, हा घ्या त्याचा नंबर, तरीही मी भला माणूस आहे, पाकिटासकट परत पाठवा, पैसे देतो.

बुधवारी, म्हणजे २२ तारखेला, मिलच्या आवारात गाड्यांची रांग लागलेली असताना चंद्रकुमारचा फोन वाजला. दोन्ही हात धानात होते, म्हणून त्याने फोन मेजावर ठेवून आवाज मोठा केला. अड्याळहून बोलते, एवढे सांगून कामिनीने त्याला बोलू दिले नाही. पाकिटाची शाबूत शिवण तिने स्वतः कापून कार्ड बाहेर काढले होते. नऊ ओरखडे तिने भिंगातून मोजले होते. मागे गुलाबी डाग होता. एक कोपरा बोथट होता. शिक्षकी पेशाच्या स्वच्छ, ठणठणीत आवाजात तिने हे सगळे सांगितले, आणि शेवटी म्हणाली, “नऊच्या तोडीचं म्हणता तुम्ही? तुम्हाला डोळे आहेत की नाहीत? शनिवारी पाकिटासकट नागपूरला परत पाठवून देते मी ते. आणि गटावर तक्रारही टाकते आहे.” फोन बंद झाला. चंद्रकुमारने परत लावला, तेव्हा तो लागलाच नाही; तिने त्याचा नंबर बंद केला होता.

हे सगळे रांगेतल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी ऐकले. मग एकाने, आपली चिठ्ठी हातात धरून, अगदी हलकेच विचारले, “मंग आमची चिठ्ठी बी अशीच हाय का जी?” लोक हसले. तो हसण्याचा आवाज चंद्रकुमारच्या कानातून दोन दिवस गेला नाही.

गुरुवारी गटातून नाव गेले. त्याच दुपारी दोन शेतकऱ्यांनी आपली पोती दुसऱ्यांदा तपासून मागितली, जे एकवीस वर्षांत घडले नव्हते. मालकाने त्याला बोलावून, आवाज न चढवता, सांगितले की हंगाम संपेपर्यंत मेजावर दुसरा माणूस बसवावा असे काही जणांचे म्हणणे आहे, सोमवारी ठरवू. चंद्रकुमारचे सारे भांडवल म्हणजे त्याचा शब्द होता. शेतकरी काळ्या पाटीवरचे दाणे मोजत नाहीत. तो वाचतो ते खरे मानतात. तो विश्वास गेला तर परखी म्हणजे नुसते लोखंड.

घरी येऊन त्याने फोन चाळला. पोस्ट पुसलेली, फोटो पुसलेले, गटाचे दार बंद. शुभांगीने मनिषला चार शब्द ऐकवायला फोन उचलला, तो त्याने तिच्या हातून काढून घेतला; भांडून वर्णन परत येत नाही, असे म्हणाला.

शुक्रवारी दुपारी मारोतराव नेहमीसारखे बाकावर येऊन बसले. त्यांच्या कानावर सगळे आलेले होते, पण त्यांनी विषय काढला नाही. समोर हमाल पोती शिवत होते. चंद्रकुमारने एक चिठ्ठी वाचली, दुमडली, पोत्यात टाकली आणि तोंड शिवायला खूण केली. मारोतराव त्या पोत्याकडे बघत म्हणाले, “पोत्यातली चिठ्ठी कोनी काढली का गा?”

चंद्रकुमारला आधी कळले नाही. मग त्याच्या हातातली परखी मेजावर पडली.

चिठ्ठी पुठ्ठ्यांच्या पोटात होती. मनिषने पाकीट उघडले नव्हते. कामिनीने, तिच्याच बोलण्यावरून, फक्त कार्ड बाहेर काढले होते. खालची शिवण कुणी उसवली नसेल, तर चौदा ओळी अजून तिथेच, अड्याळच्या घरात, पडून होत्या. आणि उद्या शनिवारी ते पाकीट नागपूरला जाणार होते. एकदा ते मनिषच्या हाती पडले की चिठ्ठीही गेली.

घरी येऊन त्याने शुभांगीला तिच्या फोनवरून कामिनीला फोन लावायला सांगितले. काय बोलायचे तेही मोजून सांगितले. शुभांगी म्हणाली, “म्याडम, मी साकोलीवरून बोलून राहिली. उद्या पार्सल धाडू नका जी. आमी दोघं येऊन राहिलो. तुमच्यासमोर एक गोष्ट उघडाची हाय, मंग तुमाले जे वाटते ते करा.” कामिनी म्हणाली की दुपारी दोनपर्यंत थांबेन, त्यानंतर एक मिनिटही नाही.

फोनवरच सांगून टाकायचे होते, चिठ्ठी आहे म्हणून, असे शुभांगी रात्रभर म्हणत होती. चंद्रकुमारला ते पटत नव्हते. पोते दोन्ही पक्षांसमोर उघडायचे, चिठ्ठी तिसऱ्याने वाचायची. त्याशिवाय त्या चिठ्ठीला अर्थ नाही. शनिवारी सकाळी भंडाऱ्याची बस, आणि भंडाऱ्याहून पवनीकडे जाणारी दुसरी. दोन्ही बाजूंना कापलेली शेते, रस्त्याच्या कडेला धानाचे ढीग. बसमध्ये शुभांगीने एकदाच विचारले, “अन् चिठ्ठी पडून गेली असंन त्?”

“शिवण तुही होय का माही?” तो म्हणाला.

ती गालातल्या गालात हसली.

कामिनीच्या घरी ओसरीवर तिचे सासरे भैयाजी बसले होते. साठी उलटलेले, स्वतः धान पिकवणारे. कामिनीने पाणी दिले, पण बसा म्हणाली नाही. कार्ड आणि पाकीट टेबलावर तयार होते, वर पत्ता लिहिलेले मोठे कव्हर. चंद्रकुमार टेबलाजवळ गेला नाही. दोन्ही हात मागे बांधून दारातच उभा राहिला.

“मी हात लावत नाही,” तो म्हणाला. “खालचे दोन पुठ्ठे एकमेकाले शिवले हायेत. ते तुमीच उसवा. आत काय हाय ते मी सांगत नाही. बाबूजीनं वाचावं.”

कामिनीने कात्री घेतली. भैयाजींनी हात पुढे करून ती थांबवली. त्यांनी पुठ्ठा उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि मान वर केली. “हे त् मिलची शिवन होय,” ते म्हणाले. “कात्री कायले पायजे.” डाव्या कोपऱ्यातली गाठ त्यांनी नखाने सोडवली, दोऱ्याचे टोक धरले आणि ओढले. टाके एकामागून एक सरसरत सुटले. दोन पुठ्ठे वेगळे झाले आणि घडी घातलेला निळ्या रेघांचा कागद टेबलावर पडला.

भैयाजींनी चष्मा लावला. शाळेतले पोर वाचते तसे, प्रत्येक अक्षर सुटे करून, त्यांनी वाचले:

‘कार्ड क्रमांक ४१, यष्टिरक्षक. तपासणी कंपनीकडून नंबर घेतलेला नाही. पृष्ठभाग: सात वर्षे धानाच्या ढोलीत ठेवल्यामुळे तुसाचे बारीक ओरखडे, एकूण अकरा. समोरून दिसत नाहीत. कार्ड तिरपे करून खिडकीकडे धरावे. कोपरे: वरचा डावा बोथट, पाव तांदळाएवढा. बाकी तीन शाबूत. किनार: डावीकडची उजवीपेक्षा अरुंद, फरक एका तांदळाच्या जाडीचा. मागची बाजू: च्युइंगमचा गुलाबी डाग, अर्ध्या तांदळाएवढा, धावांच्या रकान्याच्या खाली. कडा: उजवीकडे एका जागी रंग उडालेला, टिपक्याएवढा. घडी नाही, पाण्याचा डाग नाही. पुसलेले, कापलेले, रंगवलेले नाही. गुण: कार्ड सरळ आहे, रंग ताजे आहेत. नंबर मी देत नाही, कारण माल माझा आहे. चंद्रकुमार कापगते, साकोली. २ ऑक्टोबर २०२३.’

कामिनीने कार्ड उचलले. “अकरा नाहीत,” ती म्हणाली. “मी मोजलेत. नऊ आहेत.” ती भिंग घेऊन खिडकीपाशी गेली. कार्ड तिरपे केले, मग आणखी तिरपे केले. ओठ हलताना दिसत होते. नवावर ती थांबली. मग कार्ड जरा फिरवले, यष्टिरक्षकाच्या टोपीवर उजेड घेतला आणि भिंग पुन्हा डोळ्याशी नेले.

“टोपीवर दोन आहेत,” ती म्हणाली. आवाज पहिल्यासारखा ठणठणीत राहिला नव्हता.

“टोपी गडद हाय न,” चंद्रकुमार म्हणाला. “तिथं लवकर दिसत नाहीत. मले बी तिसऱ्या खेपेले दिसले.”

शुभांगी दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. भैयाजींनी चिठ्ठी परत दुमडली, सुनेकडे पाहिले आणि म्हणाले, “पोरी, ज्यानं आपल्या मालात तुह्याहून दोन दोष जास्त शोधले, त्याले तू आंधळा म्हटलं.” कामिनीने कबूल केले. कसलीही सारवासारव न करता, उभ्या उभ्या तिने चंद्रकुमारची माफी मागितली, आणि मग बसा म्हणाली. शिक्षकांची ही गोष्ट लेखकाला मान्य करावीच लागते: चूक कळली की ते ती लाल शाईनेच लिहितात.

चहा होईपर्यंत तिने सगळे पुन्हा केले, या वेळी फोनसमोर. उसवलेले पुठ्ठे, चिठ्ठी, तारीख, आणि कार्ड तिरपे धरून एकेक ओरखडा मोजून दाखवला, अकराव्यापर्यंत. ते चित्रण तिने गटावर टाकले आणि खाली लिहिले की मूळ विक्रेत्याने तिला जे सापडले त्याहून अधिक सांगितले होते. खोटे वर्णन मध्ये कुणी लिहिले ते ज्याचे त्याने पाहावे. मनिषकडून तिने जास्तीचे पैसे परत घेतले, पण कार्ड परत केले नाही. जे सांगून दिले आहे ते मी दोषासकट ठेवते, असे तिने त्याला कळवले.

सोमवारी, २७ तारखेला, चंद्रकुमारला गटात परत घेण्यात आले. निवेदनात ‘गैरसमज’ होता, ‘दिलगिरी’ होती. अंगठा उमटवणाऱ्या एकशे बारा जणांपैकी किती जणांनी तो मागे घेतला, याचा आकडा मात्र नव्हता. मनिषला एक महिन्याची बंदी मिळाली. एवढ्याने लेखकाचे समाधान झालेले नाही, आणि होऊही नये.

पण त्याच सोमवारी मिलमध्ये जे घडले त्याने चंद्रकुमारचे समाधान झाले. अड्याळहून धानाच्या दोन गाड्या आल्या, भैयाजींच्या. वाटेत तीन मिल टाकून ते साकोलीला आले होते. गाडीवरून उतरून त्यांनी सगळ्या रांगेसमोर, भल्या मोठ्या आवाजात, शनिवारची हकिकत सांगितली. शिवण कशी सुटली, चिठ्ठी कशी पडली, टोपीवरचे दोन कसे सापडले. मागच्या बुधवारी ज्याने हलकेच टोमणा मारला होता, तो शेतकरीही रांगेत होता. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने पोती दाखवली आणि चिठ्ठीसाठी हात पुढे केला. चंद्रकुमार वाचायला लागला, तसा तो म्हणाला, “वाचू नका जी. टाकून द्या आतमंधी. शिवा.” चंद्रकुमारने तरीही पूर्ण वाचली. दोष आधी. मालकाने दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा काढला नाही. मारोतराव बाकावर बसून हे सगळे पाहत होते. जाताना काठीने त्यांनी परखीवर एकदा ठोकले आणि गेले.

त्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगता येते, पण ती थोडकी नाही. जानेवारीत गटाने नियम केला की न तपासलेल्या कार्डाचे वर्णन दोषांपासून सुरू व्हावे, तिरप्या उजेडातला आणि मागच्या बाजूचा फोटो असावा, विकणाऱ्याने स्वतः नंबर देऊ नये, आणि विक्रीनंतरही पोस्ट राहू द्यावी. नियमाला कुणाचे नाव दिलेले नाही. तरी लोक फोटोत दोषाशेजारी तांदळाचा दाणा ठेवू लागले, आणि जे ठेवत नाहीत त्यांना खरेदीदार विचारू लागले की दाणा कुठे आहे. चंद्रकुमारची उरलेली जोडीची कार्डे, ओरखड्यांसकट, ठेवल्या दिवशी जाऊ लागली. साकोलीची शिवण असलेले पाकीट न उसवता जपून ठेवणारे संग्राहक आता आहेत. ज्या दोषांची त्याला लाज वाटावी असे काहींना वाटत होते, त्याच दोषांमुळे त्याचा माल ओळखला जातो.

आणि मार्चमध्ये अड्याळहून एक पाकीट आले. पुठ्ठे जाड होते, टाके जरा वाकडे होते, पण साखळीचेच होते. चंद्रकुमारने ते मिलमध्ये, मारोतरावांसमोर उघडले. खिडकीतून सतरा क्रमांकाचे कार्ड दिसत होते, जे त्याला चौतीस वर्षे मिळाले नव्हते. त्याने त्याकडे पाहिले नाही. आधी खालची गाठ सोडवली, दोरा ओढला, चिठ्ठी काढली आणि वाचायला मारोतरावांकडे दिली. शिक्षिकेच्या टपोऱ्या अक्षरात पहिली ओळ होती: ‘दोष: चार.’ शेवटची ओळ होती: ‘नंबर मी देत नाही.’ मग त्याने कार्ड हातात घेतले, तिरपे केले, छपराच्या कडेला उजेडात नेले आणि मोजले. चार होते.

वाचकांनो, आता तुमच्याकडे मागणी एकच आहे. तुम्ही जे काही विकाल, मग ते कार्ड असो, धान असो की जुनी सायकल, त्याचा दोष पहिल्या ओळीत लिहा. आणि कुणाला खोटारडा ठरवणाऱ्या ओळीखाली अंगठा उमटवण्याआधी त्याची चिठ्ठी वाचायला मागा.